आजी-आजोबा आणि लहान मुलांना घेऊन स्टेट पार्कचा गाईडेड वॉक जमतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही बे एरियात, म्हणजे सान फ्रान्सिस्कोच्या आसपास राहता, आई-बाबा हिवाळाभर तुमच्याकडे आलेत, मुलं ९ आणि ५ वर्षांची आहेत. कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कांमधले गाईडेड वॉक आणि मुलांचे कार्यक्रम घ्यावेत, की आपलं आपणच फिरून यावं?

घ्या. आणि सुरुवात आन्यो नुएवोपासून करा. सान फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, हायवे १ वर, सांता क्रूझच्या अलीकडे हे पार्क आहे. आम्ही तिथे आई-बाबांसोबत गेलो, त्याआधी दोन वर्षं आपापलेच पार्कं पालथी घालत होतो. मोठमोठी झाडं बघायची, डबा खायचा, फोटो काढायचे, परत यायचं. मुलांना त्यातलं आज काहीही आठवत नाही. आन्यो नुएवोची ती सकाळ मात्र माझी मुलगी अजून सांगते.

तिथे १५ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात एलिफंट सील, म्हणजे सोंडेसारख्या नाकाचे अवाढव्य समुद्री प्राणी, किनाऱ्यावर येतात. पिल्लं होतात, नरांच्या मारामाऱ्या होतात. त्या दिवसांत सीलच्या भागात एकट्यानं जाताच येत नाही, पार्कच्या प्रशिक्षित व्हॉलंटियरबरोबरच जावं लागतं. आमच्या गटाला एक निवृत्त शिक्षिका मिळाल्या होत्या. समुद्राकडे नेण्याआधी त्यांनी आम्हाला तळ्याजवळ थांबवलं आणि सांगितलं की सान फ्रान्सिस्को गार्टर साप नावाचा अतिशय दुर्मिळ, निळसर-लाल पट्ट्यांचा साप या भागात राहतो. दिसला नाही. पण त्यानंतर मुलं प्रत्येक गवताच्या झुबक्यात वाकून बघत चालली. एकटे आलो असतो तर ते तळं आम्ही दोन मिनिटांत मागे टाकलं असतं.

पुढे वाळूच्या टेकड्या लागतात. एका टेकडीखाली वाहून आलेले ओंडके पडलेत असं मला वाटलं आणि त्यातल्या एका ओंडक्यानं स्वतःच्या पाठीवर वाळू उडवली. पूर्ण वाढलेला नर १४ ते १६ फूट लांब आणि दोन टनांच्या वर असतो. त्याचा आवाज म्हणजे बंद बोळात जुनी बुलेट सुरू करून ठेवावी तसा, छातीत घुमणारा. धाकटा माझ्या पायाला बिलगला. बाईंनी त्याला समजावलं की हा नर दुसऱ्या नराला आपली ओळख सांगतोय. प्रत्येकाची हाक वेगळी असते, ती ओळखून कमजोर नर आधीच बाजूला होतो, म्हणून रोज भांडावं लागत नाही. मग धाकटा पुढे येऊन ऐकायला लागला.

पिल्लाजवळच्या मादीकडे बघून माझ्या आईनं मराठीत विचारलं, "ही आई काय खाते?" मी भाषांतर केलं. उत्तर आलं की काहीच नाही. पिल्लू झाल्यापासून जवळपास चार आठवडे ती समुद्रात जात नाही, एक मासासुद्धा खात नाही. अंगावरच्या चरबीचंच दूध होतं आणि त्या दुधात निम्म्याहून जास्त स्निग्धांश असतो. जन्मताना ३४ किलोच्या आसपास असलेलं पिल्लू चार आठवड्यांत शंभर किलोच्या पुढे जातं. मग ती निघून जाते, पिल्लाकडे परत येत नाही. पिल्लू किनाऱ्यावर राहतं, उथळ पाण्यात स्वतःच पोहायला शिकतं आणि एप्रिल संपता संपता समुद्रात जातं. माझी आई त्यानंतर बराच वेळ गप्प होती. घरी आल्यावर तिनं फोनवर मावशीला सगळ्यात आधी हेच सांगितलं. आजी-आजोबांना भाषेमुळे कंटाळा येईल अशी काळजी करू नका. फक्त गटात मागे राहू नका, बाईंच्या जवळ उभे राहा आणि हळू आवाजात भाषांतर करत जा.

बाबांना इतिहास आवडला. तेलासाठी शिकार होऊन होऊन १८९२ च्या सुमारास हे प्राणी शंभराच्या आत उरले होते, तेही मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटावर. १९२२ मध्ये मेक्सिकोनं त्यांना संरक्षण दिलं, मागोमाग अमेरिकेनंही. आन्यो नुएवोच्या बेटावर ते १९५५ मध्ये दिसले, तिथे पहिलं पिल्लू १९६१ मध्ये झालं आणि मुख्य किनाऱ्यावर पहिलं पिल्लू १९७५ मध्ये. "म्हणजे मी कॉलेजात होतो तेव्हा," बाबा म्हणाले आणि समोरच्या किनाऱ्याकडे बघतच राहिले. त्या जागेचं नावही त्यांना भावलं. ३ जानेवारी १६०३ ला व्हिस्काईनो या दर्यावर्दीच्या स्पॅनिश मोहिमेनं हे टोक पाहिलं, नवीन वर्ष लागलं होतं म्हणून 'आन्यो नुएवो'. अर्थात त्याआधी हजारो वर्षं तिथे किरोस्ते हे मूळ रहिवासी लोक राहत होते, हेही बाईंनी आवर्जून सांगितलं. मला ते बरं वाटलं.

आता व्यवहाराचं. वॉक साधारण अडीच तासांचा, जाऊन-येऊन पाचेक किलोमीटर, त्यात बरंचसं वाळूतून. तुमच्या ५ वर्षांच्या लेकराला शेवटच्या टप्प्यात खांद्यावर घ्यावं लागेल असं धरूनच चला, स्ट्रोलर न्यायचा नाही. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर साधं बुकिंग करू नका. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी लाकडी फळ्यांच्या वाटेवरून वेगळे वॉक असतात, त्यांची चौकशी करा. पावसातही वॉक होतो आणि छत्री चालत नाही, म्हणून सगळ्यांना रेनकोट. आजीला नुसत्या शालीवर नेऊ नका, वरून वारा अडवणारं काहीतरी घाला, तो वारा फार बोचरा असतो. खाणं गाडीतच उरकून घ्या. सीलपासून किमान २५ फूट अंतर ठेवायचं असतं, मुलांना हे घरूनच सांगून न्या.

कधी जायचं? जानेवारीचा शेवट. पिल्लं भरपूर असतात आणि नरही तावात असतात. फेब्रुवारीच्या मध्याला समागम उघड्यावर चालू असतो आणि व्हॉलंटियर तो सरळ शब्दांत समजावतात. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, पण आजोबांसमोर अवघडायला होणार असेल तर आधीच ठरवा. एखादं मेलेलं पिल्लूही दिसू शकतं. आमच्या मुलीला दिसलं, ती रडली. बाईंनी घाई न करता तिच्याशी बोलून, मगच गट पुढे नेला.

मुलांच्या कार्यक्रमांबद्दल: कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कांचा ज्युनियर रेंजर कार्यक्रम ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे तुमचं मोठं लेकरू बसतं. रेंजरसोबत खेळ, निरीक्षण, वहीत शिक्के. हे जास्त करून उन्हाळ्यात. धाकट्यासाठी मी सांता क्रूझचा नॅचरल ब्रिजेस किनारा सुचवेन. ऑक्टोबर ते जानेवारीच्या सुमारास तिथे निलगिरीच्या झाडांवर मोनार्क फुलपाखरं मुक्कामाला असतात आणि लाकडी फळ्यांची वाट छोटी आहे, आजीही आरामात येते. पार्किंगचे पैसे वाचवायचे तर गावातल्या लायब्ररीत स्टेट पार्कचा पास आहे का विचारा, पुस्तकासारखा घरी नेता येतो.

जानेवारीतले शनिवार-रविवार सगळ्यात आधी भरतात, त्यामुळे बुकिंग आजच बघा. निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या साइटवर वॉक चालू आहेत ना ते पाहून घ्या. आणि जमलं तर आई-बाबा परत जायच्या आधी, एप्रिलच्या सुरुवातीला एकदा पुन्हा जा. तेव्हा गाईड लागत नाही, पार्कातच परवाना मिळतो. आमची आई मागे लागली म्हणून आम्ही गेलो होतो. ती पिल्लं एकटी काय करतायत ते तिला बघायचं होतं.