दहा वर्षांचा व्हिजा मिळालाय, मग राहायचं किती?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही दोघं रिटायर्ड, ठाण्याला राहतो. मुलगी अमेरिकेत, न्यू जर्सीला असते. आम्हाला दोघांना १० वर्षांचा मल्टिपल एंट्री टुरिस्ट व्हिजा आहे. यंदा १२ मे ते २८ ऑक्टोबर तिच्याकडे राहून आलो. आता जानेवारीत तिचं दुसरं बाळंतपण आहे आणि ती म्हणते १० डिसेंबरलाच या. सोसायटीत प्रत्येक जण वेगळं सांगतोय, कोणी म्हणतं वर्षाला १८० दिवसच चालतात, कोणी म्हणतं सहा महिने बाहेर काढावेच लागतात, तर एकजण म्हणाले चार दिवस कॅनडाला जाऊन या, परत सहा महिने नव्याने मिळतात. खरं काय?

उत्तर : काका, तुमची काळजी कळते, बाळंतपणाला आईने जवळ असावं असं कोणाला नाही वाटणार? पण आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, व्हिजावरची १० वर्षं ही राहायची मुदत नाहीच. त्या १० वर्षांत कितीही वेळा अमेरिकेच्या विमानतळापर्यंत जाता येतं एवढाच त्याचा अर्थ, आत किती दिवस राहायचं ते दर वेळी तिथला इमिग्रेशन ऑफिसर ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या रेकॉर्डवर येते. साधारण सहा महिने देतात. उतरल्यावर दोन दिवसांत मुलीला सांगून ती तारीख आय-९४ च्या वेबसाइटवर बघा, दोघांची वेगवेगळी बघा. हे मी मुद्दाम सांगतेय कारण माझ्या नणंदेचा पासपोर्ट चारच महिन्यांत संपत होता, तर तिला तारीख पासपोर्टपुरतीच मिळाली आणि नवऱ्याला मात्र पूर्ण सहा महिने. घरात कोणी पाहिलंच नाही, सगळे परतीच्या तिकिटावर विसंबून. शेवटच्या आठवड्यात भाच्याच्या लक्षात आलं आणि मग जी धावपळ झाली ती विचारू नका. त्यामुळे पासपोर्ट संपत आला असेल तर जायच्या आधीच नवा करून घ्या, व्हिजा जुन्या पासपोर्टवर राहिला तरी चालतो, दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवायचे.

आता किती वेळा जायचं. वर्षाला १८० दिवसच, किंवा सहा महिने बाहेर राहायलाच हवं, असा लेखी नियम टुरिस्ट व्हिजाला नाहीये. पण म्हणून निर्धास्त राहू नका. ऑफिसर समोर बसून एकच बघत असतो, की ही माणसं भेटायला आलीत की इथेच राहायला लागलीत. १७० दिवस राहून गेलेले लोक सहा आठवड्यांत परत दारात उभे दिसले तर तो विचारणारच, आणि त्याला पटलं नाही तर कमी दिवस देऊ शकतो, परतही पाठवू शकतो. जितके दिवस तिथे काढले निदान तितके तरी इथे काढावेत असं जुने जाणते लोक सांगतात ते म्हणूनच.

म्हणून डिसेंबरला जाऊ नका असंच मी सांगेन, आणि त्याला अजून एक कारण आहे, ते कोणी सांगत नाही. टॅक्स! एका कॅलेंडर वर्षात तुमचे १७० दिवस झालेत, १० डिसेंबरला गेलात तर ३१ तारखेपर्यंत अजून २२, म्हणजे १९२. वर्षात १८३ दिवस झाले की अमेरिकेचं टॅक्स खातं तुम्हाला तिथले रहिवासी धरू शकतं, मग पेन्शन, एफडीचं व्याज, सगळ्याचा हिशेब तिथेही दाखवायची वेळ येऊ शकते. पुढच्या वर्षीही यंदाच्या दिवसांचा तिसरा हिस्सा धरला जातो, म्हणून सीएशी एकदा बोलाच. माझं मत विचाराल तर डिसेंबर आणि जानेवारीची सुरुवात जावयाच्या आईवडिलांनी सांभाळावी, ते जर अलीकडे गेले नसतील तर, आणि तुम्ही फेब्रुवारी-मार्चनंतर जा. हल्ली कितीतरी घरांत असे आळीपाळीने जातात. काकूंना एकटीला जानेवारीत जायचंच असेल तर थोड्या दिवसांचं परतीचं तिकीट काढून जावं.

ऑफिसरने विचारलं तर खरं तेच सांगा, मुलीचं बाळंतपण आहे, नातवंडाला बघायला आलोय, अमुक तारखेला परत जाणार. पण पुढे सहा महिने मुलगी-जावई नोकरीवर आणि बाळ तुमच्यावर असा प्लॅन असेल तर ते काम धरलं जाऊ शकतं, पगार नसला तरी. आणि खोटं सांगितलेलं पकडलं गेलं तर कायमची बंदी येऊ शकते.

कॅनडाचं म्हणाल तर ते डोक्यातून काढा. ३० दिवसांच्या आत परत आलात तर सहसा जुनीच तारीख चालू राहते. शिवाय कॅनडाचा व्हिजा वेगळा काढावा लागतो तो वेगळाच.

खरंच आजारपण वगैरे आलं तर मुदत वाढवायचा अर्ज करता येतो, फॉर्म आय-५३९, पण तारीख संपायच्या आधी. तारीख उलटून राहिलात तर तो १० वर्षांचा व्हिजा आपोआप रद्द होतो, त्या तारखेनंतर १८० दिवसांपेक्षा जास्त राहून मग निघालात तर ३ वर्षं आणि वर्षभर किंवा जास्त राहिलात तर १० वर्षं परत जाता येत नाही.

प्रश्न : मुलगा इंग्लंडला आहे, ५ वर्षांचा व्हिजा मिळालाय. तिथेही असंच का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हो. २, ५ किंवा १० वर्षांचा असो, एका वेळी जास्तीत जास्त ६ महिने. सारखं जाऊन-येऊन तिथेच घर केल्यासारखं राहायचं नाही, हे त्यांच्या नियमातच लिहिलंय.

प्रश्न : धाकटी मुलगी कॅनडात पीआर (कायमची रहिवासी) आहे. आम्हाला जास्त दिवस राहायचंय. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मग साध्या व्हिजाऐवजी सुपर व्हिजा काढा, तो आईवडील आणि आजीआजोबांसाठीच आहे. २०२२ च्या जुलैपासून त्यावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं. मुलीचं उत्पन्न दाखवावं लागतं आणि तुमचा निदान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. दोघांचा वेगवेगळा काढायचा, आणि बीपी-शुगर असेल तर फॉर्मवर लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो.