घानाचा फुटबॉल संघ एवढा नावाजलेला, मग १९८२ नंतर त्यांनी आफ्रिका कप का जिंकला नाही? मोठ्या सामन्यात त्यांना दबाव झेपत नाही का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो माझ्या साडूंचा लाडका प्रश्न आहे आणि आमच्या घरच्या प्रत्येक लग्नाकार्यात निघतो. दबाव झेपत नाही, हे साफ खोटं आहे.

साडू कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघत वाढलेले, त्यामुळे फुटबॉलमध्ये शेवटचा शब्द त्यांचाच. मी सोलापूरचा, म्हणजे त्यांच्या हिशेबी चेंडू गोल असतो एवढीच माझी माहिती. पण २०१० साली मी घानात होतो, टेमा बंदराजवळ एका सळईच्या कारखान्यात मेंटेनन्सला, आणि विश्वचषकातली उरुग्वेविरुद्धची ती उपांत्यपूर्व मॅच मी घानाच्या माणसांच्या मध्ये बसून पाहिली आहे. ते कोल्हापुरात पलंगावर लोळत बघत होते.

२ जुलै. दुसरी पाळी कागदावर चालू, प्रत्यक्षात रोलिंग मिल बंद, कारण चालवायला माणूस नव्हता. गेटवरच्या सिक्युरिटी केबिनच्या खिडकीत टीव्ही ठेवलेला, वीज जाईल म्हणून जनरेटर आधीच सुरू. मांडीवर केंकी (आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे), तळलेला मासा आणि शितो, म्हणजे तिथली काळी तिखट चटणी. विश्वचषक पहिल्यांदाच आफ्रिकेत होत होता आणि आफ्रिकेचा एकच संघ उरला होता. त्याआधी १९९०मध्ये कॅमेरून आणि २००२मध्ये सेनेगल उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचून थांबले होते. घाना जिंकला असता तर उपांत्य फेरीतला पहिला आफ्रिकन संघ ठरला असता.

मध्यंतराच्या तोंडावर घानाच्या मुंतारीने लांबून गोल मारला. मग उरुग्वेच्या फोर्लानने फ्री किकवर बरोबरी केली. जादा वेळेचं शेवटचं मिनिट आलं, घानाच्या अडियाचं हेडर गोलमध्ये चाललं होतं आणि उरुग्वेच्या सुआरेझने गोलरेषेवर उभं राहून ते दोन्ही हातांनी अडवलं. त्याला लाल कार्ड, घानाला पेनल्टी.

आता शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या यार्डातही टीव्ही होता, आणि तो आमच्यापेक्षा दोन-तीन सेकंद पुढे चालायचा. संध्याकाळभर आम्हाला गोल आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. आमचा क्रेनवाला टीव्हीकडे पाठ करून बसला, म्हणाला बघवत नाही, तुमची तोंडं बघून कळेल. आमच्या पडद्यावर पेनल्टी मारणाऱ्या जियानने पाऊलही उचललं नव्हतं आणि भिंतीपलीकडून आवाज आला. तो आनंदाचा नव्हता. क्रेनवाल्याने तो ऐकला, उठला आणि हात धुवायला गेला. मग आम्ही चेंडू आडव्या दांड्यावर आदळताना पाहिला.

बरोबरी सुटली नाही, आणि पाळीपाळीने पेनल्टी मारायचं शूटआउट उरुग्वेने ४-२ने जिंकलं. बाहेर येतो तोच फोन वाजला, कोल्हापुरात रात्रीचे अडीच. "काय पाव्हणं, बघितलं का? ताकद हाय, पण काळीज न्हाई." मी फोन ठेवला. तेव्हापासून हा वाद आहे.

काळजाचंच बोलायचं तर त्याच स्पर्धेत सर्बिया आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध पेनल्टीवर गोल मारणारा हाच असामोआ जियान होता. आणि ती पेनल्टी हुकल्यावर काही मिनिटांतच शूटआउटची घानाची पहिली किक मारायला तोच पुढे आला, गोल मारला. विश्वचषकात त्याचे सहा गोल आहेत, दुसऱ्या कुठल्याच आफ्रिकन खेळाडूचे इतके नाहीत. हा माणूस घाबरट असेल तर मग बोलणंच खुंटलं.

शूटआउटमध्ये अडियाची किक अडवली गेली हे खरं. पण हाच अडिया वर्षभरही झालं नव्हतं तेव्हा, २००९मध्ये, इजिप्तमधल्या २० वर्षांखालच्या विश्वचषकात सर्वाधिक गोल करून स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. कैरोच्या फायनलमध्ये घानाचा एक खेळाडू पूर्वार्धातच बाहेर काढला गेला, उरलेल्या दहा जणांनी ब्राझीलला १२० मिनिटं शून्यावर रोखलं आणि पेनल्टीवर हरवलं. हो, पेनल्टीवर. ती स्पर्धा जिंकणारा हा पहिला आफ्रिकन संघ. साडूंना त्या फायनलचे व्हिडिओ मी अनेकदा पाठवलेत. निळी टिक येते, उत्तर येत नाही.

तुम्ही ज्या १९८२चा उल्लेख केलात तो कपसुद्धा त्रिपोलीत, यजमान लिबियासमोर, १-१ बरोबरीनंतर पेनल्टीवर ७-६ असाच जिंकलेला आहे.

आता पहिला प्रश्न. १९६३, १९६५, १९७८, १९८२ असे चार कप. स्वातंत्र्य १९५७चं, आणि देशाचे पहिले नेते एन्क्रुमा यांना फुटबॉल हा नव्या देशाचा झेंडाच वाटायचा, त्यामुळे सुरुवातीला पाठबळ भक्कम होतं. प्रशिक्षक सी. के. ग्यामफी हा माणूस वेगळाच. स्वतः जर्मनीत फॉर्चुना ड्युसेलडॉर्फकडून खेळलेला, आणि चारपैकी तीन कप त्याच्या हाताखाली आले. १९६६च्या विश्वचषकावर आफ्रिकेने बहिष्कार टाकला, कारण आफ्रिका आणि आशियाला मिळून एकच जागा होती. त्यात घाना पुढे होता. पुढच्या स्पर्धेपासून आफ्रिकेला स्वतःची जागा मिळाली, पण घानाला पहिला विश्वचषक खेळायला २००६ उजाडलं.

८२नंतर तीन फायनल हरले. १९९२मध्ये आयव्हरी कोस्टकडून पेनल्टीवर ११-१०, आणि त्या दिवशी कर्णधार अबेदी पेले पिवळ्या कार्डांमुळे बाहेर बसलेला. २०१०मध्ये इजिप्तकडून शेवटच्या पाच मिनिटांत १-०. २०१५मध्ये पुन्हा आयव्हरी कोस्ट, पुन्हा पेनल्टी, ९-८.

यात नशीब आहेच. पण खरा घोळ वर आहे. २०१४ला ब्राझीलमध्ये बोनससाठी खेळाडू अडून बसले, तेव्हा सरकारने तीस लाख डॉलरच्या आसपास रोकड विमानाने पाठवली. त्याच स्पर्धेत मुंतारी आणि केविन-प्रिन्स बोआटेंगला संघातून घरी पाठवलं. २०१८मध्ये घानाच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्षच छुप्या कॅमेऱ्यात पैसे घेताना सापडला आणि सरकारने संघटनाच बरखास्त करायला घेतली. अशा कारभारात कप येत नाहीत.

दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर साडू इथे येऊन लिहितील. एक, ज्या फ्री किकवरून सुआरेझचं प्रकरण घडलं ती मुळात चुकीची दिली होती असं उरुग्वेवाले म्हणतात, आणि रिप्ले पाहिला तर ते अगदीच खोटं नाही. दोन, जियानने २०१२ला आफ्रिका कपच्या झांबियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यातही पेनल्टी घालवली, आणि २०२२च्या विश्वचषकात उरुग्वेविरुद्धच आंद्रे आयूनेही. त्या दिवशी घाना २-०ने हरला, पण तिकडे कोरिया जिंकल्यामुळे उरुग्वेही बाहेर पडला. बाकावर रडणारा सुआरेझ पाहून टेमाच्या जुन्या ग्रुपवर रात्रभर नाचणारे व्हिडिओ येत होते. मीही दोन टाकले.

सध्याचं विचाराल तर २०२५च्या आफ्रिका कपला घाना पात्रच ठरला नाही, अंगोला, सुदान आणि नायजर यांच्या गटात एकही सामना न जिंकता तळाला. ही पात्रता फेरी २०२४ची. आणि पुढच्याच वर्षी, २०२५मध्ये, तोच देश २०२६च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. एकाच संघाची ही दोन रूपं कशी, ते राजधानी अक्रात संघटनेच्या ऑफिसात विचारा, जियानला नको.