लॅपटॉपची क्रोशाची खोळ : माप नेमके कशाचे घ्यावे?

प्रश्न : मुलीच्या १५.६ इंची लॅपटॉपसाठी मी जाड सुती दोऱ्याची क्रोशाची खोळ विणली. १५.६ इंच म्हणजे ३९.६ सेंटिमीटर, असा हिशेब करून तेवढी रुंदी धरली आणि काम लवकर उरकावे म्हणून तळापासून तोंडापर्यंत खांबच (उंच टाके) घातले. खोळ मुळातच सैल झाली होती. दोन आठवड्यांत ती आणखी लोंबली आणि आता लॅपटॉपचा कोपरा खांबांमधून बाहेर डोकावतो. दुरुस्ती शक्य आहे, की सगळे उसवावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : उसवावे. आपल्या मेहनतीचा विचार करता हे सांगताना वाईट वाटते, परंतु सुती दोरा उसवला तरी वाया जात नाही. त्याच्या लडी करून त्या ओल्या करून वाळवल्या, की दोऱ्यातील वळ्या बऱ्याच अंशी निघून जातात.

मूळ चूक मापात झाली आहे आणि ती अनेकांची होते. १५.६ इंच हे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर असते. त्याचा यंत्राच्या रुंदीशी थेट संबंध नसतो. त्यामुळे एकाच आकड्याचे दोन लॅपटॉप रुंदीला आणि जाडीला वेगवेगळे भरू शकतात. लॅपटॉप मिटून टेबलावर ठेवावा आणि डावीकडून उजवीकडे रुंदी, पुढून मागे उंची आणि जाडी टेपने मोजावी. आपल्या लॅपटॉपची मापे ३६, २४ आणि २ सेंटिमीटर आहेत असे धरून पुढचा हिशेब मांडतो. आकडे आपल्या मापाप्रमाणे बदलून घ्यावेत.

दुसरी गोष्ट टाक्याची. खांब उंच असतो, त्यामुळे दोन खांबांमध्ये फट राहते. रुमालाला किंवा तोरणाला ती शोभून दिसते, येथे मात्र तीच नडते. या कामासाठी मुका खांबच, म्हणजे खांबापेक्षा आखूड व घट्ट बसणारा टाका, घालावा आणि सुई दोऱ्याच्या वेष्टनावर सुचवलेल्या सुईपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने बारीक घ्यावी, म्हणजे ४ मिमीऐवजी ३.५ मिमी. हात दुखतो आणि वेळही जास्त लागतो, पण कापड घट्ट होते. सुती दोऱ्याला स्वतःची लवचिकता जवळजवळ नसते. वजनाने तो एकदा ताणला गेला, की आपणहून पूर्ववत होत नाही. खोळ लोंबण्याचे कारण हेच आहे.

असे असले तरी, आघातापासून लॅपटॉपचे रक्षण क्रोशाचे कापड करतच नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. ते अस्तराला धरून ठेवते आणि दिसायला सुंदर असते. धक्का शोषण्याचे काम आतल्या थराचे आहे. म्हणून मी नेहमी अस्तर आधी शिवायला सांगतो आणि वरचे विणकाम त्यावर बेतायला सांगतो. जुन्या मऊ सुती साडीचे दोन थर घ्यावेत, मध्ये सुमारे ५ मिमी जाडीचा फोम ठेवावा आणि गोधडीला घालतो तसा धावदोरा घालावा, म्हणजे फोम आत सरकत नाही. हातून निसटलेला लॅपटॉप बहुधा कोपऱ्यावर किंवा कडेवर आपटतो, त्यामुळे तळाला आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांना फोमची दुहेरी पट्टी द्यावी. याउलट कापूस भरल्यास त्याचे गोळे होतात आणि नेमक्या हव्या त्या जागी तो विरळ पडतो.

आता टाक्यांचा हिशेब. दोन्ही बाजूंचा फोम धरून जाडी ३ आणि रुंदी ३७ सेंटिमीटर होईल, म्हणजे घेर ८० सेंटिमीटर. क्रोशाचे कापड वापराने सैल पडते, म्हणून घेर पाच टक्के कमी धरून ७६ सेंटिमीटर विणावा. अस्तराचे कापड ताणले जात नाही, त्यामुळे अस्तराला ही काटछाट करू नये. आधी १० सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणून टाके मोजावेत. त्याच्या एका ओळीत १६ टाके बसत असतील, तर ७६ सेंटिमीटरला १२२ टाके लागतील. ६१ साखळ्या घालाव्यात, सुईजवळची पहिली साखळी सोडावी आणि उरलेल्या ६० साखळ्यांच्या दोन्ही अंगांनी मुके खांब विणत फिरावे. दोन्ही टोकांच्या साखळीत मात्र तीन-तीन मुके खांब येऊ द्यावेत. १२२ मुक्या खांबांची पहिली फेरी पूर्ण होते आणि तळाला वेगळी शिवण लागत नाही. पुढे कुठेही न वाढवता सुमारे २७ सेंटिमीटर उंचीपर्यंत गोल विणत जावे.

गोल विणताना मुके खांब हळूहळू एका बाजूला कलतात, त्यामुळे फेरीची सुरुवात वर पोहोचेपर्यंत कडेपासून सरकलेली असते. ही आपली चूक समजू नये. फेरीच्या पहिल्या टाक्यात रंगीत दोरा अडकवावा, म्हणजे मोजणी चुकणार नाही. तोंड झाकणारी वरची झडप सुरू करताना मात्र त्या खुणेवर विसंबू नये. खोळ सपाट ठेवून कडा नव्याने ठरवावी.

दोरा किती लागेल, हे दुकानदाराला विचारण्यापेक्षा नमुन्याला विचारावे. नमुना स्वयंपाकघरातील काट्यावर तोलावा. खोळीचे दोन्ही पाखे मिळून साधारण अशा २१ नमुन्यांएवढे कापड होते, आणि झडपेसाठी आणखी सहा-सात धरावेत.

प्रश्न : तोंडाला चेन लावावी की बटण? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : लाकडी बटण आणि दोऱ्याचा फास. धातूची चेन लॅपटॉप आत-बाहेर करताना त्याच्या कडेवर ओरखडे काढते. लावायचीच असल्यास ती अस्तरात शिवून आतून कापडाची पट्टी द्यावी. वेल्क्रोच्या वाटेला जाऊच नये, कारण त्याचे आकडे विणकामातील धागे ओढून काढतात.

प्रश्न : लोकरीची खोळ विणून गरम पाण्यात धुतली, की ती आटून नमद्यासारखी दाट होते, असे मैत्रिणीने सांगितले. मी तसे केले, पण काहीच झाले नाही. लोकर हलक्या प्रतीची होती का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : बहुधा ती लोकरच नव्हती. आपल्याकडे विणायच्या कोणत्याही जाड धाग्याला लोकर म्हणण्याची पद्धत पडली आहे, परंतु दुकानात त्या नावाने मिळणारा धागा पुष्कळदा ॲक्रिलिकचा असतो. मेंढीच्या लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणे यांमुळे ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटते. ॲक्रिलिकला असे खवले नसल्याने ते कितीही धुतले तरी दाट होणार नाही. यंत्रात धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली लोकरही अशी आटत नाही. अस्सल लोकर वापरणार असल्यास आधी नमुना मोजून धुवावा, पुन्हा मोजावा आणि जितका आटला त्या प्रमाणात खोळ मोठी विणावी. लांबी आणि रुंदी सारख्या प्रमाणात आटत नाहीत, म्हणून दोन्ही मापे स्वतंत्रपणे नोंदवावीत.

विणलेली ॲक्रिलिकची खोळ टाकून देऊ नये. कोरड्या हवेत ॲक्रिलिकवर स्थिर विद्युत साठते आणि ते धूळ ओढून घेते. नागपूरच्या हिवाळ्यात हा अनुभव आपल्याला स्वेटर काढताना येत असेलच. त्यामुळे सुती अस्तर लावून ती वापरावी. लॅपटॉप खोळीत घालण्यापूर्वी तो नुसता मिटून न ठेवता पूर्ण बंद करावा, कारण फोम आणि विणकाम या दोन्हींमुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही.