आरोग्य-प्रश्नोत्तरे : बरे वाटते, तरी तपासण्या कशाला?

प्रश्न : माझ्या २६ वर्षांच्या मुलाला अडीच वर्षांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिसचे निदान झाले. गेले वर्षभर शौचावाटे रक्त पडलेले नाही. तरीही डॉक्टर मेसालामाइनच्या (आतड्याची सूज आटोक्यात ठेवणाऱ्या) गोळ्या चालू ठेवतात आणि अधूनमधून शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी सांगतात. गोळ्या थांबवून कुटजारिष्टावर भागणार नाही का?
– एक आई, सांगली

उत्तर : गोळ्या कृपया थांबवू नका. कुटजारिष्ट ज्यापासून बनते तो कुडा आपल्याकडे आवेवर घरोघरी दिला जातो हे खरे. पण हा आजार जंतूंची आव नसून, प्रतिकारशक्ती आपल्याच मोठ्या आतड्यावर उलटल्याने तो जडतो. रक्त थांबले तरी आतड्याच्या अस्तराची सूज मागे राहू शकते, आणि ती राहिली तर आजार पुन्हा उसळण्याची शक्यता वाढते.

ही सूज घरबसल्या कळत नाही, शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या सीआरपी तपासणीतही ती अनेकदा दिसत नाही, म्हणून कॅलप्रोटेक्टिन. सुजलेल्या अस्तरातून पांढऱ्या पेशी आतड्यात उतरतात आणि त्यांच्यातले हे प्रथिन शौचात मोजता येते. ग्रॅममागे १०० मायक्रोग्रॅमच्या आत आकडा असला तर दिलासा मानावा. २५० च्या वर गेला तर बहुधा सूज आहे असे समजावे. मात्र जुलाबाचा संसर्ग झाला असेल किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेतली असेल तरीही तो वाढतो, त्यामुळे एकाच अहवालावर घाबरून न जाता तपासणी पुन्हा करावी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि सकाळच्या पहिल्या शौचाचा नमुना देऊन.

तरुण मुले आईसमोर ‘मी बरा आहे’ एवढेच म्हणतात. शौचाला रात्री उठावे लागते का, घाईची लागते का, हे त्याने डॉक्टरांना एकट्याने सांगावे. महिनाअखेरीस गोळ्यांच्या किती पट्ट्या उरतात, हेही प्रामाणिकपणे पाहावे. दिवसातून तीनदा घेणे जमत नसेल, तर पूर्ण मात्रा एकाच वेळी घेता येईल का ते डॉक्टरांना विचारावे, कारण आजार आटोक्यात असताना तशी घेतली तरी गुण तेवढाच येतो.

या गोळ्या चालू असताना मूत्रपिंडासाठी वर्षातून एकदा रक्तातले क्रिएटिनिन तपासावे. आजार सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी कर्करोगाच्या दृष्टीने कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करावी लागते, ती बरे वाटत असले तरी टाळू नये.

पुन्हा रक्त दिसलेच, तर जुन्या चिठ्ठीवरचे स्टेरॉइड मनाने सुरू करू नका. संसर्ग नाही ना, हे आधी शौचाच्या तपासणीतून डॉक्टरांना पाहू द्या.