पांढऱ्या डोक्याचा कुरव कोणता?

प्रश्न: जानेवारीत मोरजीच्या किनाऱ्यावर कुरवांचा (सीगल) थवा टिपला. पुस्तकात डोकं काळं किंवा तपकिरी आहे. माझ्या फोटोंत मात्र सगळी पांढरी, कानामागे एक गडद ठिपका. हे कोणते कुरव?
– एक वाचक, पेडणे

उत्तर: डोक्यावर विसंबू नका. तो रंग विणीच्या हंगामातला. थंडीत आपल्याकडे येतात तेव्हा उतरलेला असतो. पंख उघडलेला फोटो शोधा. पंखाचं टोक ठळक काळं आणि त्यात पांढरे ठिपके असतील, तर तपकिरी डोक्याचा कुरव. पंखाची पुढची कड पांढरीशुभ्र आणि टोकाला बारीक काळी किनार असेल, तर काळ्या डोक्याचा. नुसता बसलेला असेल तर फोटोतला त्याचा डोळा मोठा करून बघा: प्रौढ पक्ष्यात पहिल्याचं बुबुळ फिकट, दुसऱ्याचं गडद.

असा फोटो मिळावा म्हणून थवा उडवू नका, कृपा करून. लांबून आलेले ते पक्षी तिथे विसावलेले असतात. शापोरा नदीच्या मुखाशी ओहोटीला वाळूवर बसून राहा. गेल्या डिसेंबरात मी तासभर तसाच बसलो होतो. एका कुरवाने आळस देत एक पंख आणि त्याच बाजूचा पाय मागे ताणला, आणि पंखावरचे ठिपके मला मोजता आले.

सकाळीच जा, आपला किनारा पश्चिमेकडे, त्यामुळे ऊन पाठीवर येतं. शटर १/२००० ठेवा आणि एक्स्पोजर थोडं कमी करा, नाहीतर पांढरी पिसं नुसती चुन्यासारखी दिसतात.