वाचक विचारतात : क्लायंटचा कौतुकाचा व्हिडिओ रीलवर टाकू का?

प्रश्न : मी सेबीकडे (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) रजिस्टर असलेला इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर आहे. बरोबरीचे सगळे इन्स्टावर धडाधड रील्स टाकतायत. माझ्या एका क्लायंटताईंनी स्वतःहून व्हिडिओ करून पाठवला, "यांच्या सल्ल्याने चार वर्षांत माझे पैसे दुप्पट झाले" असा. वर 'नं. १ फायनान्शियल प्लॅनर' लिहून तो माझ्या पेजवर टाकला तर चालेल का? आकडा खरा आहे, मी त्यांना एक पैसाही दिलेला नाही. आमचा मार्केटिंगवाला म्हणतो बूस्ट केलं नाही, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवलं नाही, तर ती जाहिरातच नाही.

उत्तर : नका टाकू. आणि त्या मार्केटिंगवाल्याचं तर अजिबात ऐकू नका, कारण उद्या नोटीस आली तर ती तुमच्या रजिस्ट्रेशन नंबरवर येणार, तो तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी रील्स एडिट करत बसलेला असेल.

सेबीने ५ एप्रिल २०२३ ला इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर आणि रिसर्च ॲनालिस्ट यांच्यासाठी जाहिरातींचा कोड काढला, १ मे २०२३ पासून तो लागू झाला. त्यात बूस्ट केलं की नाही हा मुद्दाच नाही. गुंतवणूकदाराच्या निर्णयावर परिणाम करू शकेल असं जे काही तुम्ही किंवा तुमच्या वतीने कुणी बाहेर सोडलं ती जाहिरात, मग ते पत्रक असो, रील असो नाहीतर व्हॉट्सॲपवरचा मेसेज.

आता तुमच्या व्हिडिओकडे या. क्लायंटचं कौतुक, म्हणजे टेस्टिमोनियल, चालत नाही. 'पैसे दुप्पट' म्हणजे मागचा परफॉर्मन्स, तोही असा मिरवता येत नाही. आणि 'नं. १' तर सरळ सरळ मनाई असलेल्या शब्दांतच बसतं, 'बेस्ट', 'टॉप' वगैरे त्याचीच भावंडं. वीस सेकंदांच्या व्हिडिओत तीन चुका!! आकडा खरा असला म्हणून फरक पडत नाही, कारण अडचण खोटेपणाची नाहीच, अडचण ही की ज्यांचे पैसे वाढले तेच व्हिडिओ करतात, ज्यांचे अडकले ते गप्प बसतात आणि बघणाऱ्याला वाटतं सगळ्यांचंच असं होतंय. चार वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण १९ टक्के चक्रवाढ, त्यातलं तुमच्या सल्ल्याचं किती आणि त्या काळात बाजारच वर गेला त्याचं किती, हे त्या व्हिडिओत कुठे कळतंय?

मग टाकायचं काय, तर शिकवणारं टाका की, टर्म इन्शुरन्स कधी घ्यावा, इमर्जन्सी फंड कुठे ठेवावा, विषय संपणार नाहीत. पण त्यावरही सेबीकडे नोंदवलेलं नाव (पेजचं टोपणनाव नव्हे, रजिस्ट्रेशनवरचं), पत्ता, रजिस्ट्रेशन नंबर आणि बाजाराच्या जोखमीची ठरलेली वॉर्निंग ठेवा. वॉर्निंगचा फॉन्ट किमान १० चा. व्हिडिओत ती दिसलीही पाहिजे आणि ऐकूही आली पाहिजे, कोडमध्येच उदाहरण दिलंय की १४ शब्दांना निदान ५ सेकंद द्या. त्यामुळे शेवटी गाडी सुटल्यासारखं भरभर पुटपुटायची जी फॅशन आहे ती विसरा. एसएमएससारख्या छोट्या मेसेजमध्ये एवढं मावत नसेल तर तुमच्या वेबसाइटची लिंक द्या, आणि तिथे हे सगळं असायला हवं.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते आधीच्या मंजुरीत. कोडप्रमाणे जाहिरात बाहेर जायच्या आधी सेबीमान्य सुपरवायझरी बॉडीकडून ओके घ्यावं लागतं, हे काम आधी बीएएसएलकडे (बीएसईची उपकंपनी) होतं, जुलै २०२४ पासून थेट बीएसईकडे, म्हणजे मुंबई शेअर बाजाराकडे आलं. म्हणजे सकाळी ट्रेंड आला आणि संध्याकाळी रील टाकली हा खेळ तुमच्यासाठी नाही, वर्षभर चालतील असेच विषय घ्या. जाहिरातीची कॉपी ५ वर्षं जपायची असते, मी तर म्हणेन कॅप्शन, तारीख आणि मंजुरीचा मेल एकाच फोल्डरमध्ये टाका, कारण पेजवरून रील डिलीट केली म्हणून जबाबदारी डिलीट होत नाही.

आणि कमेंटमध्ये कुणी विचारलं "सर, हा शेअर घेऊ का" तर तिथे हो-नाही करू नका. रिस्क प्रोफाइल (किती जोखीम झेपेल याचा अंदाज) नाही, ॲग्रीमेंट नाही, त्या माणसाचं वयही तुम्हाला माहीत नाही आणि तुम्ही चारचौघांत सल्ला देऊन मोकळे!

प्रश्न : मी म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटर आहे, एआरएन (डिस्ट्रिब्युटरचा नोंदणी क्रमांक) आहे. बायोमध्ये 'वेल्थ ॲडव्हायझर' लिहिलंय, चालतं का?

उत्तर : नाही, आजच काढा. २०२० च्या बदलांनंतर ॲडव्हायझर म्हणून रजिस्ट्रेशन नसलेल्या डिस्ट्रिब्युटरला 'वेल्थ ॲडव्हायझर', 'आयएफए' (इंडिपेंडंट फायनान्शियल ॲडव्हायझर) असली नावं लावता येत नाहीत. 'म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटर' असं स्वच्छ लिहा, त्यात लाजण्यासारखं काय आहे.

प्रश्न : मी रजिस्टर्ड ॲडव्हायझर आहे. एका फेमस इन्फ्लुएन्सरसोबत कोलॅब करायचंय, तो रजिस्टर नाही पण म्हणतो मी फक्त शिकवतो. करू का?

उत्तर : तो काय म्हणतो ते सोडा, काय टाकतो ते बघा. ऑगस्ट २०२४ पासून तुमच्यासारख्या नोंदणीकृत लोकांना, रजिस्ट्रेशन नसताना टिप्स देणाऱ्या किंवा रिटर्न्सचे दावे करणाऱ्यांशी संबंध ठेवता येत नाही, मग तो पैशाचा असो की क्लायंट पाठवण्याचा. शिकवणाऱ्याला सूट आहे, पण २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने रेघ आणखी स्पष्ट केली, मागच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून कुठल्याही शेअरबद्दल बोलायचं नाही, कोडनेम घेऊनही नाही. तेव्हा त्याच्या शेवटच्या दहा-पंधरा रील्स स्वतः बसून बघा, त्यात या आठवड्याचा चार्ट आणि "नाव घेत नाही, समझनेवाले को इशारा काफी" असलं काही सापडलं तर नाही म्हणा. बायोमध्ये टेलिग्रामची लिंक असेल तर तिथेही डोकावून या, खरा मामला बहुतेक वेळा तिथेच असतो.