पोहे सोड, जेवण नको सोडूस

ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी साखरेचा आकडा १४०च्या वर आला, गर्भारपणातला मधुमेह निघाला, म्हणून रडत बसू नकोस गं. मलाही सातव्या महिन्यात हेच निघालं, आणि घाबरून मी रात्रीचं जेवणच बंद केलं. डॉक्टर चांगल्याच ओरडल्या. उपाशी राहिलं की अंगातली चरबी जळून कीटोन नावाची द्रव्यं वाढतात, ते बाळासाठी बरं नाही.

माझी साखर चढवायचे ते सकाळचे पोहे! सकाळी इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणून रात्री पचून जाणारी तेवढीच भाकरी नाश्त्याला जड पडते. मी मुगाचं धिरडं आणि एक उकडलेलं अंडं सुरू केलं, फरक लगेच दिसला. मला दिलेली मर्यादा उपाशीपोटी ९५, जेवणानंतर तासाने १४०, दोन तासांनी १२०च्या आत अशी होती. तुझ्या डॉक्टर वेगळं म्हणाल्या तर तेच धर.

भात पूर्ण तोडू नकोस. आधी काकडी, उसळ, मग छोटी वाटी भात. साबुदाणा मात्र विसर. आणि "गूळ चालतो गं" म्हणणाऱ्या मावश्या भेटतीलच. हसून मान डोलाव, खाऊ नकोस. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाल, गच्चीवर का होईना.

एवढं करूनही इन्सुलिन लागलं तर घे. वारेतून (प्लॅसेंटातून) येणाऱ्या हार्मोन्सपुढे पथ्य कधीकधी पुरत नाही, त्यात तुझी चूक नाही. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साखर परत तपासायची, हे मात्र आत्ताच नवऱ्याच्या फोनमध्ये टाकून ठेव.